स्टोनिथ बंद करणं हा उपाय नव्हे

दोन सर्व्हरच्या (नोडच्या) क्लस्टरमध्ये हार्टबीटची, म्हणजे 'मी चालू आहे' हे एकमेकांना कळवणारी, केबल काढली की दोन्ही नोड एकमेकांना बंद करतात, म्हणून स्टोनिथच (संपर्क तुटलेल्या नोडला सक्तीने बंद करणारी सोय, म्हणजेच फेन्सिंग) बंद ठेवा, असा सल्ला दिला जातो; तो कृपया पाळू नका. सामायिक डिस्कवरची एक्सएफएस (एका वेळी एकाच सर्व्हरने वापरायची फाइल सिस्टिम) दोन्हीकडे एकदम माउंट झाली, तर डेटा खराब होऊन बॅकअप शोधत बसावं लागेल.

पेसमेकर-कोरोसिंक या क्लस्टर सॉफ्टवेअरमध्ये 'टू-नोड' चालू असलं की एकट्या नोडकडेही कोरम (निर्णय घेण्यापुरतं बहुमत) राहतो. संपर्क तुटताच दोघंही फेन्सिंगची आज्ञा सोडतात. डेटाबेस ज्या नोडवर आहे त्याला बंद करणाऱ्या फेन्स डिव्हाइसला 'डिले-बेस' (बंद करण्याआधीचा ठरावीक विलंब) १० सेकंद द्या, दुसऱ्याला शून्य. दोन्हींना सारखाच विलंब दिलात तर शर्यत तिथेच राहते. डेटाबेस इकडून तिकडे हलत असेल तर पेसमेकर २.०.४ पासून आलेलं 'प्रायॉरिटी-फेन्सिंग-डिले' बरं; महत्त्वाचा रिसोर्स ज्या नोडवर असेल त्याला बंद करायला ते उशीर लावतं. फक्त रिसोर्सला (इथे डेटाबेसला) प्रायॉरिटी द्यायला विसरू नका, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही.

लॉगिनडीमध्ये (पॉवर बटण हाताळणारी लिनक्सची सेवा) 'हँडल-पॉवर-की' 'इग्नोर' करा. नाहीतर फेन्सिंगची आज्ञा आल्यावर सर्व्हर तत्काळ बंद न होता सावकाश शटडाउन घेतो आणि तेवढ्या वेळात समोरच्यालाही बंद करून टाकतो.

आणखी एक खाच: आयपीएमआय (सर्व्हर दुरून चालू-बंद करणारी त्याच्यातलीच सोय) सर्व्हरच्याच विजेवर चालतं. सर्व्हरची वीजच गेली तर फेन्सिंगला उत्तर मिळत नाही आणि रिसोर्स अडकून राहतात. फेन्सिंगच्या दुसऱ्या पातळीला पीडीयू (दुरून आउटलेट बंद करता येणारी वीजपट्टी) लावा. पॉवर सप्लाय दोन असतील तर आधी दोन्ही आउटलेट बंद, मगच दोन्ही चालू.

कोरोसिंक २ वर असाल तर चाचणी केबल उपसूनच घ्या. इंटरफेस 'डाउन' केल्यावर ते भलतंच वागतं.