पिशवीतलं मांजर: सोडायचं की विकत घ्यायचं?

पाचवा_कोपेक

'रशियन भाषकांसाठी ५० इंग्रजी वाक्प्रचार' असा एक तक्ता दोन दिवस जिकडेतिकडे फिरतोय. तीन रकाने: इंग्रजी, अर्थ आणि रशियन 'जोडीदार'. खाली शेरा, 'रोज पाच पाठ करा, दहा दिवसांत काम फत्ते'. इथल्या रशियन येणाऱ्या दोघातिघांनी तो 'वा, संग्राह्य!' म्हणत पुढे ढकलला, म्हणून हा प्रपंच. माझं म्हणणं एवढंच की तिसरा रकाना फाडून टाका.

ओळ ७ बघा. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' आणि समोर रशियन 'कोत व मिश्के', म्हणजे पोत्यातलं मांजर. दोन्हीकडे मांजर, दोन्हीकडे पिशवी, झाली जोडी! अहो, इंग्रजी मांजर बाहेर सोडणं म्हणजे गुपित फोडणं. रशियन मांजर विकत घेतात: फोटो बघून भाड्याचं घर ठरवलं, न उघडता जुना फोन घेतला, ते 'कोत व मिश्के'. त्याला इंग्रजीत डुक्कर लागतं, 'अ पिग इन अ पोक'. हा तक्ता घोकलेला माणूस दुकानदाराला 'आय डोन्ट वॉन्ट अ कॅट इन द बॅग' म्हणणार आणि दुकानदार प्राण्यांच्या दुकानाचा पत्ता देणार.

ओळ १२. 'वन्स इन अ ब्लू मून'समोर 'गुरुवारी पाऊस पडून गेल्यावर'. रशियनांचा हा गुरुवार कधीच उजाडत नाही. तो 'व्हेन पिग्ज फ्लाय'च्या वाड्यातला. ब्लू मून उशिरा का होईना, येतो. 'भावाला भेटतोस का?' याला एक उत्तर 'क्वचित' आणि दुसरं 'मेलो तरी नाही'. तक्त्यात दोन्ही एकच.

ओळ १९, पोटातली फुलपाखरं. हे रशियनमध्ये गेलं इंग्रजीतूनच, पण जाताना अर्थ आकसला. तिकडे पोटात फुलपाखरं म्हणजे प्रेमात पडणं. इंग्रजीत मुलाखतीआधी पोटात गोळा येतो, तेही फुलपाखरंच. दंतवैद्याच्या दाराबाहेर नायिकेच्या पोटात ती उडाली, की रशियन वाचक लग्नाची वाट बघत बसतो.

ओळ १ बद्दल तर बोलायलाच नको. कुत्री-मांजरं पाडणारा पाऊस आज इंग्लंडात रोजच्या बोलण्यात फारसं कोणी पाडत नाही, तो पाठ्यपुस्तकातच पडतो. साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतात. आणि गंमत बघा, रशियन म्हणतो 'ल्योत काक इझ विद्रा', बादलीतून ओतल्यासारखा. ब्रिटिश बोलीत 'इट्स बकेटिंग डाउन' असं आहेच! अख्खी बादली समोर असताना तक्तेवाल्याला कुत्रीच दिसली.

---

मोरजीकार

धागाकर्त्यांचा पारा चढलाय, पण आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही फेकू नका. गोव्यात मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन फलक आणि रशियन मेनू उगाच नाहीत. या भागात इंग्रजी शिकायला येणारा रशियन चाळिशीचा असतो, हातात आठवड्याचे दोन तास. त्याला खुंटी लागते. जुन्या खुंटीला नवी टोपी अडकवली की लक्षात राहते, नाहीतर पुढच्या तासाला पाटी कोरी.

आणि तक्त्यातल्या कित्येक जोड्या चोख आहेत, त्या तुम्ही सोयीनं गाळल्या. बैलाची शिंगं धरणं, सातवा स्वर्ग, मगरीचे अश्रू, शब्दाला शब्द जुळतो. भेट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात बघू नये, हे संत जेरोमनं चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये 'लोकांत म्हण आहे' म्हणून लिहून ठेवलंय. इंग्रजांनी आणि रशियनांनी एकाच विहिरीतून पाणी भरलं. (आपल्याकडे घोड्याऐवजी धर्माची गाय, दात तेच.) अशा जोड्या आधी द्याव्यात, शिकणाऱ्याला बळ येतं.

---

शुद्धलेखक

मोरजीकार, 'आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळ फेकणे' हे मराठी आहे का हो? इंग्रजीची ही ओकारी आधी थांबवा, मग रशियनांची काळजी करा. वर्तमानपत्रांत 'दिवसाच्या शेवटी' काय, 'माझा दिवस बनवलास' काय! मराठीत यासाठी 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही सणसणीत म्हण असताना परक्याच्या बाळाला कशाला न्हाऊ घालता?

---

चौथी_विभक्ती

शुद्धलेखक, तुम्ही आत्ता तक्त्यातली एक्कावन्नावी ओळ लिहिलीत. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणजे दोषी माणसांच्या संगतीत निर्दोषही भरडला जातो. तिथे कोणी चूक करत नाही, आगच तशी असते. बाळ-पाण्यात फेकणाऱ्याचा अविचार आहे: नको ते टाकताना हवं तेही टाकलं. शिवाय ते मुळात इंग्रजी नाहीच, जर्मन आहे. टोमास मुर्नरच्या १५१२ च्या पुस्तकात ते छापलेलं सापडतं. रशियनमध्येही आहे, 'पाण्याबरोबर मूलही ओतून देणं'. दोन भाषांनी उचललं तर मराठीनंच सोवळं का पाळावं?

आता मूळ मुद्दा. दोघंही अर्थावर भांडताय, पण रशियन माणूस घसरतो तो आर्टिकलवर. रशियनमध्ये 'अ' नाही, 'द' नाही. (मराठीतही नाही, म्हणून आपणही तिथेच आपटतो.) मोकळ्या वाक्यात आर्टिकल चुकलं तरी समोरचा समजून घेतो. वाक्प्रचारात ते गोठलेलं असतं. 'हॅव अ वर्ड' म्हणजे दोन मिनिटं बोलणं, 'हॅव वर्ड्स' म्हणजे भांडण. 'टेक प्लेस' म्हणजे घडणं, 'टेक द प्लेस ऑफ' म्हणजे कोणाची जागा घेणं. साहेबाशी दोन शब्द बोलायला गेलेल्यानं 'आय हॅड वर्ड्स विथ द बॉस' सांगितलं तर कचेरीत वावटळ.

दुसरं, शब्दांची हलवाहलव. रशियन 'कानांवर शेवया टांगणे' (थापा मारणे) कसंही फिरवता येतं: 'शेवया माझ्या कानांवर टांगू नकोस'. शेवया पुढे आणल्या तरी अर्थ हलत नाही. इंग्रजीत 'स्पिल द बीन्स'चं 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं, कारण बीन्स म्हणजे गुपित असा तुकड्याचा अर्थ लागतो. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की माणूस मरत नाही, फक्त बादली लवंडते. 'ही वॉज किकिंग द बकेट फॉर थ्री वीक्स' हेही नाही, लाथ एकदाच बसते. रशियन क्रियापदाच्या पूर्ण-अपूर्ण जोड्यांची सवय इथे दगा देते. यातलं काय तक्त्यात आहे? शून्य.

---

शुद्धलेखक

ताई, म्हणीचा अर्थ मान्य, घाईत लिहिलं. पण दोघांनी चोरी केली म्हणून तिसऱ्यानं करावी हा कुठला न्याय?

---

वाफवलेला_सलगम

चोरी? १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटण्याआधी मराठी माणूस कोणाला 'हिरवा कंदील' दाखवत होता? आणि 'नक्राश्रू' कुठल्या ओढ्यातून आले? चांगले संस्कृत कपडे घातले की परका पाहुणा घरचा होतो वाटतं.

जाता जाता, रशियन शुद्धलेखक याच गोष्टीवर बोटं मोडत असतात. 'ती स्देलाल मोय द्येन', शब्दशः 'तू माझा दिवस केलास', तरुण पोरं सर्रास म्हणतात. तिथले म्हातारे विचारतात, दिवस काय कारखान्यात करतात?

---

शुद्धलेखक

म्हणजे तिथेही शहाणे लोक आहेत. ऐकून बरं वाटलं. हिरवा कंदील वस्तूबरोबर आला, 'दिवस बनवणं' आळसाबरोबर. फरक कळत नसेल तर वाद कशाला घालता?

---

वाफवलेला_सलगम

आळस? मग सांगा की 'यू मेड माय डे'ला मराठीत काय म्हणायचं. आणि 'धन्य झालो' नको, आपण लग्नपत्रिका छापत नाही आहोत.

---

शुद्धलेखक

'मन प्रसन्न झालं.' 'बरं वाटलं.' 'आज तुझ्यामुळे दिवस छान गेला.' तीन दिले. आता तुम्ही गप्प बसा.

---

वाफवलेला_सलगम

तिसरं आवडलं. पहिलं उदबत्तीच्या पुड्यावर शोभेल.

---

मोरजीकार

बाळ मी फेकलं आणि भांडताय तुम्ही! मूळ प्रश्नाकडे या.

चौथीताईंचं व्याकरण बिनतोड, पण तेवढं तीन रकान्यांच्या तक्त्यात मावेल का? आणि मला एक कळत नाही, धागाकर्त्यांच्या वर्गात रशियन अर्थ सांगायचाच नाही का? 'पुलिंग युअर लेग' अभिनय करून दाखवणार? एक पाय ओढणार?

---

पाचवा_कोपेक

बरं झालं तेच काढलंत. 'पुल समवन्ज लेग'समोर तक्त्यात आहे 'नाकानं फिरवणे'. नाकानं फिरवणं म्हणजे खोट्या आश्वासनांवर दिवसेंदिवस झुलवणं. ठेकेदार फिरवतो, प्रियकर फिरवतो. इंग्रजी पाय ओढणं म्हणजे दोन मिनिटांची थट्टा, शेवटी दोघं हसतात. आता इंग्रज मित्र हसत म्हणाला, 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग', की रशियनाला वाटतं गडी फसवणुकीची कबुली देतोय. मराठी माणसाला तर तिसरंच वाटेल, कारण आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. एक पाय, तीन भाषा, तीन खटले.

'ब्लॅक शीप' आणि 'पांढरा कावळा' तसंच. रशियन पांढरा कावळा चारचौघांपेक्षा वेगळा असतो, वाईट असेलच असं नाही. ब्लॅक शीप म्हणजे घराण्याला काळिमा. वर्गातल्या लाजाळू चित्रकार पोराला ब्लॅक शीप म्हणालात तर त्याची आई शाळेत येईल. त्याला रशियन जोडीदार हवाच असेल तर 'खरजुली मेंढी' आहे, पण तक्तेवाल्याला रंग जुळवायचे होते.

अर्थ जरूर सांगा, रशियनमध्येच सांगा, पण साध्या वाक्यात. म्हणीसमोर म्हण ठेवली की शिकणारा जुन्या म्हणीचं सगळं सामान नवीत भरतो: कोणाला म्हणायची, किती झोंबते, केव्हा शोभते.

---

निमूट

नेहमी वाचतो, आज लिहितो. 'स्पीक ऑफ द डेव्हिल'चं काय? मराठीत आपण 'शंभर वर्षं आयुष्य आहे' म्हणतो.

---

चौथी_विभक्ती

चांगलं उदाहरण. मराठीत आशीर्वाद, इंग्रजीत सैतान. रशियनमध्ये 'ल्योगक ना पमीने', नाव काढलं आणि हजर, रंग तटस्थ. लाडानं म्हणायचं तर 'सूर्याची आठवण काढली आणि किरण आला' असंही आहे. ते रशियनात सासूबाईंना म्हणता येतं, इंग्रजीचा सैतान मात्र मित्रांपुरताच.

'ब्रेक अ लेग' त्याहून वाईट. समोर 'नी पूखा नी पिरा', शब्दशः ना लव ना पीस, शिकारीला निघालेल्याला उलटी शुभेच्छा. रशियन विद्यार्थी परीक्षेआधी हे हमखास ऐकतो आणि उत्तर ठरलेलं, 'क चोर्तू', सैतानाकडे जा. 'धन्यवाद' म्हटलं तर अपशकुन. 'ब्रेक अ लेग' मुख्यतः रंगमंचावर जाणाऱ्याला, आणि उत्तर 'थँक्स'. जोडी लावल्यावर काय होतं? स्कीइंगला निघालेल्या माणसाला पाय मोडायची शुभेच्छा मिळते, आणि 'गुड लक' म्हणणाऱ्या परीक्षकाला 'गो टु हेल'.

---

वाफवलेला_सलगम

सोव्हिएत नेता ख्रुश्चेवनं १९५९ मध्ये अमेरिकेच्या निक्सनला 'कुझ्काची आई दाखवू' अशी धमकी दिली तेव्हा दुभाष्यालाही हाच घाम फुटला. अमेरिकन विचारात पडले, ही बाई कोण? १९६१ च्या सोव्हिएत महाबॉम्बला पुढे तेच टोपणनाव चिकटलं. तिसरा रकाना तेव्हा असता तर तिथे काय लिहिलं असतं?

---

मोरजीकार

'आम्ही तुम्हाला चांगलाच इंगा दाखवू.' बघा, जोडीदार मिळाला! आणि चपखल मिळाला. कधीकधी मिळतो, हेच मी सकाळपासून ओरडतोय.

---

पाचवा_कोपेक

मिळतो, मान्य. 'पेल्यातलं वादळ' आणि रशियन 'पाण्याच्या ग्लासातलं वादळ' यांना वेगळं करायची माझी हिंमत नाही. (तक्त्यात मात्र 'टेम्पेस्ट इन अ टीपॉट' दिलंय. ते अमेरिकेत. इंग्लंडात 'स्टॉर्म इन अ टीकप'. कुठे लिहिलंय का?) 'चोराच्या मनात चांदणं' आणि रशियन 'चोराच्या डोक्यावर टोपी पेटलीय' हीही जोडी सुरेख. फक्त ती मराठी-रशियन आहे, इंग्रजीत तिच्या तोडीचं चित्र मला तरी माहीत नाही. 'इफ द कॅप फिट्स' (टीका लागू पडत असेल तर आपली समजा) टोपीमुळे जवळचं वाटतं आणि तिथेच घात होतो.

तेव्हा तडजोड: तिसरा रकाना फाडत नाही, त्याचे तुकडे करतो. प्रत्येक वाक्प्रचाराला एक कार्ड. वर कर्त्यासकट पूर्ण वाक्य, नुसता तुकडा नाही. खाली, कोण कोणाला म्हणतो. मग हलणारे भाग (काळ, माणूस) एका रंगात आणि गोठलेले (आर्टिकल, वचन) दुसऱ्या. मागच्या बाजूला रशियन शेजारी, आणि तो फसवा असेल तर लाल फुली. शेवटी त्याच अर्थाचं साधं इंग्रजी, कारण ऐनवेळी तेच निभावून नेतं. एका तासाला चार कार्डं, पाचवं नको. त्याच दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी परत. आणि प्राण्याप्राण्यांची कार्डं एका दिवशी काढू नका. मांजर, डुक्कर, मेंढी एकत्र आली की पोत्यात कोण होतं ते कोणालाच आठवत नाही.

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक. बोलण्याच्या सात बँडच्या वर्णनात 'इडियमॅटिक' शब्द आहे, म्हणून शिकवणीवाले कुत्री-मांजरं पाठ करून घेतात. परीक्षकाला तिथे 'आय एंडेड अप स्टेइंग' किंवा 'इट डिपेंड्स' अशा सहज वळणांतूनही गुण देता येतात. म्हणींची माळ जपली की उलट घोकंपट्टी उघडी पडते.

---

तक्तेवाला

तक्ता माझाच.

---

निमूट

शंभर वर्षं आयुष्य!

---

तक्तेवाला

आभार, निदान एकानं तरी सैतान काढला नाही. ओळ ७, १२ आणि 'ब्लॅक शीप' दुरुस्त करतोय. टीपॉटशेजारी 'अमेरिकन' लिहितो. कुत्री-मांजरं काढणार नाही, विद्यार्थी तीच मागतात आणि तीच नसली तर तक्ता अपुरा म्हणतात. कार्डांचं सुचवणाऱ्यांनी पन्नास कार्डं रंगवून दाखवावीत, मग बोलू. नवा तक्ता उद्या सकाळच्या तुकडीवर लावतोय.

---

पाचवा_कोपेक

कुत्र्यांपुढे 'फक्त ओळखण्यासाठी, वापरण्यासाठी नाही' एवढं तरी लिहा. बाकी उद्यासाठी नी पूखा नी पिरा.

---

तक्तेवाला

लिहितो. क चोर्तू!