कमिटमेंट नसलेले प्लेयर घेऊन कॅम्पेन चालवायचं कसं? (डीएम मेटाकुटीला आलाय)

थकलेला_डीएम

मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ) पाचवी एडिशन चालवतोय, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, कॅम्पेन म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी एकच लांब गोष्ट, पाच प्लेयर, सगळे जुने मित्र, ठरलंय दर शनिवारी संध्याकाळी, आणि आठ महिन्यांत सेशन झालीत किती तर अकरा. ग्रुपवर "शनिवारी नक्की ना?" टाकलं की पाचही जण वाचतात, उत्तर एकाचं येतं आणि तेही "बघतो रे". मग शनिवारी चार वाजता एक गळतो, त्याचं बघून दुसरा, मग कुणीतरी "चला मग पुढच्या आठवड्यात" म्हणतं आणि माझी तयारी पाण्यात.

बरं आले तरी काय, फायटर (लढवय्या) खेळणारा अकराव्या सेशनला पण विचारतो "अटॅकला कुठला फासा?" अरे वीसवाला, दर वेळी वीसवालाच असतो! मागच्या वेळी बुडालेल्या मंदिरातली पुजारीण होती, तिच्यावर मी तीन पानं लिहिलेली, आवाज बदलून बोलत होतो, तिच्या हरवलेल्या भावाची गोष्ट चाललेली (तो भाऊ म्हणजे आमच्या रोगचा, म्हणजे चोर कॅरेक्टरचा, बाप, हा माझा मोठा धक्का होता), आणि रोग खेळणारीने मोबाइलमधून मान वर काढून विचारलं, "ही कोण? हिला मारायचंय का?"

दोन सेशन चुकवली की कॅरेक्टर मेलं असा नियम करू का? की सरळ गाशा गुंडाळू?

मशालवाली

कॅरेक्टर मारू नकोस रे बाबा, ज्याला यायचं नाही त्याला तू आयतं कारण देतोयस.

तुझं घोडं पेंड खातंय ते दुसरीकडेच. एक जण गळला की तू खेळ रद्द करतोस ना? मग प्रत्येकाला कळलंय की आपण नाही गेलो तरी काही बुडत नाही, खेळ थांबतो आणि आपली वाट बघतो. कोरम ठरव. पाचातले तीन आले की खेळ होणार, आणि हे एकदा जाहीर केलंस की मग खरंच तिघांत खेळायचं, पहिल्याच वेळी कच खाल्लीस तर संपलं. न आलेल्याचं कॅरेक्टर तापाने फणफणून तंबूत पडलंय, विषय संपला. लेव्हल सगळ्यांची एकत्रच वाढव, न येणाऱ्याला मागे ठेवलं तर तो अजूनच येईनासा होतो.

पण हे जमायला एक गोष्ट लागते, दर सेशन गावात किंवा तळावर सुरू होऊन तिथेच संपलं पाहिजे. गुहेच्या पोटात, अर्ध्या मारामारीत थांबलास तर पुढच्या वेळी तुला तेच चार जण लागणार. मी संपायच्या पाऊण तास आधी सांगते, मशाली संपत आल्यात, आत जाताय की मागे फिरताय. आधी लोक कुरकुरले, आता स्वतःच विचारतात किती मशाली राहिल्यात.

आणि हे काही नवीन खूळ नाहीये. डी अँड डी बनवणाऱ्या गायगॅक्स आणि आर्नेसनची १९७४ ची पहिली पुस्तिका बघ, एका कॅम्पेनमध्ये ४ ते ५० प्लेयर चालतील असं लिहिलंय! पन्नास जण काही दर वेळी एकत्र बसणार नाहीत, जो आला तो भुयारात उतरला असाच तो हिशोब. बेन रॉबिन्सची वेस्ट मार्चेस नावाची कॅम्पेन पण त्याच वळणाची, दहा ते चौदा प्लेयर, ठरलेली टोळी नाही, ठरलेला वार नाही, कधी आणि कुठे जायचं ते प्लेयरांनीच आपापसात ठरवायचं. म्हणजे लोकांच्या मागे लागायचं ओझं डीएमच्या डोक्यावरून उतरलं. पाच जणांत ते पूर्ण जमणार नाही पण गावातून निघून गावात परत एवढं तरी उचल.

सरळसोट

वरच्या ताईंशी अर्धाच सहमत. न येणं आणि येऊन लक्ष नसणं हे दोन वेगळे आजार आहेत, कोरमने पहिला बरा होईल, दुसऱ्याचं काय?

दुसऱ्यात थोडा दोष तुझाही असणार, राग मानू नकोस. पाच प्लेयर आणि सात गॉब्लिन (छोटे राक्षस), प्रत्येक जण विचार करणार, कॅरेक्टरच्या माहितीचं शीट उलटसुलट करणार, एकाची पाळी परत येईपर्यंत वीस मिनिटं जातात आणि खेळातल्या घड्याळात सहा सेकंद! मोबाइल निघणारच की. एकाची पाळी चालू असतानाच पुढच्याला सांग, "यानंतर तू, ठरवून ठेव". आणि गॉब्लिनच्या डॅमेजसाठी फासे टाकत बसू नकोस, पुस्तकात सरासरी ५ छापलीय, ती वापर. एवढ्यानेच बराच वेळ वाचतो, बघ करून.

आणि तीन पानी पुजारीण... गाढवापुढे वाचली गीता. तीन ओळी लिही. तिला काय हवंय, ती काय लपवतेय, आत्ता तिला घाई कसली. बाकीचं त्यांनी विचारलं तर जागच्या जागी सुचेल, नाही विचारलं तर वाया गेलं नाही.

मागच्या_बाकावरचा

मी कधी लिहीत नाही इथे पण हे वाचून राहवलं नाही, कारण तुमचा तो फायटर म्हणजे मी आहे, म्हणजे दुसऱ्या टेबलावरचा. मी दोन वर्षं खेळतोय, नियम येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी मित्र भेटतात म्हणून जातो, फासे टाकायला मजा येते, राजघराण्याचा इतिहास कानावरून जातो. डीएम इतकी मेहनत घेतो की हे त्याला सांगायची लाज वाटते, मग "बघतो रे". एकदा त्याने प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं की तुला यातलं नेमकं काय आवडतं, तेव्हा मी सांगितलं आणि तो चक्क सुटल्यासारखा हसला. तेव्हापासून माझ्या वाट्याला दरवाजे फोडायचे असतात, आणि मी वेळेवर पोचतो.

फुटका_फासा

कॅम्पेनला दोन महिने सुट्टी द्या आणि फियास्को खेळा. २००९ चा गेम, डीएमच नाही, ३ ते ५ जण, एका बैठकीत संपतो. कोण खरंच खेळायला येतंय ते आपोआप कळेल.

थकलेला_डीएम

तीन आठवड्यांनी अपडेट. सगळ्यांना वेगवेगळे फोन केले, ग्रुपवर नाही. रोगवालीला मारामारी आवडते आणि नाट्य अजिबात नाही, हे मला आठ महिन्यांत कळलं नव्हतं, आणि विझार्डवाल्याला (जादूगार खेळणाऱ्याला) खरं तर खेळायचंच नाहीये पण बाहेर पडायचंही नाहीये (आता याचं काय करू?). तिघांत दोन सेशन झाली, दोन्ही वेळेवर, दोन्ही गावात संपली. पुजारीण तीन ओळींत बसवली, भाऊ रद्द. फायटरला लाल वीसवाला फासा देऊन सांगितलंय की अटॅक म्हणजे लाल, तर आता विचारतो "डॅमेजला पण लालच का?"

विझार्ड सध्या तंबूत तापाने पडलाय. फायटरने त्याची मॅजिक मिसाइलची कांडी उसनी घेतलीय आणि परत द्यायचं काही चिन्ह दिसत नाही.