मदत हवी आहे: फ्रान्समधल्या वाइनच्या गावांत निवांत भटकंती, कुठला भाग घ्यावा?

मंदगती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

फ्रान्सला चाललोय. साधारण दोन आठवडे हातात आहेत. पॅरिस आणि आयफेल टॉवर नकोय. द्राक्षमळे, जुनी गावं, दगडी तळघरं, सकाळचा बाजार, दुपारी एखाद्या ठिकाणी बसून दोन-तीन वाइन चाखायच्या आणि संध्याकाळी पायी हिंडायचं, एवढंच हवंय. एजंटने आराखडा पाठवलाय त्यात शांपेन, अल्सास, बर्गंडी, ऱ्होन, बोर्डो सगळं कोंबलंय आणि जवळजवळ रोज बॅगा भरायच्या. ते मला अजिबात नको.

प्रश्न दोनच. यातला कुठला भाग घ्यावा? आणि गाडी भाड्याने घ्यावी की ट्रेन?

विमानाची तिकिटं रोज चढताहेत. रविवारपर्यंत काढायचीच आहेत. 'गुगल करा' म्हणू नका, ते करूनच आलेय.

नळस्टॉपचा मुसाफिर

ताई, महिना कुठला? किती जण? वयं काय? गाडी कोण चालवणार? शाकाहारी कोणी आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

बॅरल

डोळे मिटून बोर्डो. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने दोन तासांच्या आसपास (२०१७ पासून नवा मार्ग सुरू झालाय). गावात ट्राम आहे, नदीकाठ आहे, २०१६ मध्ये उघडलेलं 'सिते द्यु व्हँ' हे वाइनचं मोठं संग्रहालय आहे. सेंट एमिलियन लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत. ते गाव आणि आजूबाजूचे मळे १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. चुनखडीच्या खडकात कोरलेलं चर्च चुकवू नका. मेदोक या मळ्यांच्या पट्ट्यासाठी गाडी घ्या आणि पोइयाक, मार्गोच्या बाजूने एकेक शातो (वाइनवाल्यांचे वाडे आणि मळे) बघत जा. बोर्डो वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीतली नावं रस्त्याच्या दोन्ही अंगाला दिसतात. वाइनसाठी फ्रान्सला जाऊन बोर्डो न पाहणं मला पटत नाही.

ल्योंकर

बोर्डो सुंदर आहे, वाद नाही. पण मेदोकमधले मोठे शातो आगाऊ वेळ घेतल्याशिवाय आत घेत नाहीत आणि ते एकमेकांपासून लांब आहेत. ताईंना 'संध्याकाळी पायी' हवंय. शिवाय जो गाडी चालवेल त्याने चाखायचं काय? इथे फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, नवीन परवानेधारकांना ०.२. चाखून थुंकायचं भांडं प्रत्येक ठिकाणी असतं, तरीही.

महिना सांगा आधी. त्यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे.

मंदगती

चौघं आहोत. गाडी मी चालवते, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी नाही. ऑगस्टच्या मध्यावर निघायचं. बजेट मध्यम. आता सांगा.

ल्योंकर

ऑगस्ट! म्हणून विचारत होतो. ऑगस्टमध्ये अर्धा फ्रान्स सुट्टीवर असतो. १५ ऑगस्टला तर इथेही सार्वजनिक सुट्टी. छोटे वाइनवाले दाराला पाटी लावून निघून जातात. परत येतात ते थेट तोडणीच्या तयारीला, कारण अलीकडे बर्गंडीत तोडणी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लागते. तेव्हा घरातला प्रत्येक माणूस मळ्यात. पाहुण्यांना वेळ द्यायला कोणी नसतं. शक्य असेल तर जून किंवा सप्टेंबरअखेर बघा.

सह्याद्रीचा वारा

+१. दिवाळीच्या सुट्टीत जा. अल्सासमध्ये तेव्हा पानं पिवळीजर्द झालेली असतात.

मंदगती

तारीख बदलता येणार नाही. लेकीला दिजाँला मास्टर्सला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू. तिला सोडायलाच चाललोय. नवरा, मी, लेक आणि सासूबाई.

नळस्टॉपचा मुसाफिर

ताई, हे पहिल्या वाक्यात हवं होतं! दिजाँ म्हणजे बर्गंडीचं दारच. मग बोर्डोचा विषयच संपला.

बॅरल

संपला कसा? दिजाँहून बोर्डोला ट्रेनने जाता येतं.

ल्योंकर

जाता येतं, पण बहुतेक वेळा पॅरिसला परत यायचं, गार द ल्योंवर उतरायचं, सामान घेऊन माँपार्नासला जायचं आणि दुसरी गाडी पकडायची. अख्खा दिवस त्यात. सासूबाई सोबत आहेत. निवांत हवंय म्हणताहेत तर त्यांना निवांत राहू द्या ना.

मंदगतीताई, माझं स्पष्ट मत: मुक्काम बर्गंडीतल्या बोन या गावी टाका. दिजाँ ते बोन लोकल ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं, त्यामुळे लेकीच्या खोलीची, बँकेची कामं करायला जाऊन-येऊन राहता येईल. त्याच मार्गावर जव्रे-शांबेर्तां, व्हूजो, न्वी-सें-जॉर्ज ही स्टेशनं आहेत. म्हणजे गाडी न घेता वाइनच्या नकाशावरची सगळ्यात मोठी नावं हाताशी. बोनच्या दक्षिणेला पोमार, व्होल्ने, मरसो करत सांतनेपर्यंत मळ्यांतून साधारण बावीस किलोमीटरची सायकलवाट आहे. बोनमध्ये ई-सायकल भाड्याने मिळते.

एक गोष्ट नक्की करा. जव्रेला उतरून उताराने वर, जंगलाच्या कडेपर्यंत चालत जा. खाली सपाटीला, हमरस्त्याच्या बाजूला साधी बर्गंडी पिकते. थोडं वर गावाच्या नावाची वाइन, त्याच्या वर प्रीमिये क्र्यू (निवडक मळ्यांची), आणि उताराच्या मधल्या पट्ट्यात ग्रां क्र्यू (सगळ्यात वरच्या दर्जाची). बाटलीवरच्या चारही पायऱ्या अर्ध्या तासाच्या चालीत पायाखालून जातात. माती बदलते, निचरा बदलतो, ऊन पडण्याचा कोन बदलतो आणि किंमत कितीतरी पट होते. २०१५ मध्ये युनेस्कोने याच तुकड्यातुकड्यांच्या जमिनीला वारसा म्हणून मान्यता दिली. व्होन-रोमानेला रोमाने-काँतीचा मळा बघा. जेमतेम १.८ हेक्टर, कडेला दगडी क्रॉस. आत शिरायचं नाही, घडाला हात लावायचा नाही.

दिंडोरीचा बागायतदार

मध्येच बोलतो, माफ करा. ल्योंकर साहेब, त्या मळ्यांची लागण किती अंतरावर आहे? ठिबक आहे का? खुंट (कलमाखालचं मूळ) कुठला वापरतात? आमच्याकडे डॉगरीजवर कलम करतो, नऊ बाय पाच फुटांवर लागण, एकरी हजाराच्या आत-बाहेर वेली.

ल्योंकर

दादा, तिथे एक मीटर बाय एक मीटर, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली. म्हणजे तुमच्या चौपट दाट. वेल कमरेएवढीच ठेवतात. ठिबक नाही. त्या दर्जाच्या नियमांत पाणी देणं बसत नाही, जे पावसाने दिलं तेवढंच. खुंट अमेरिकन जातींचेच, फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने एकोणिसाव्या शतकात मळे मेले तेव्हापासून. जमिनीनुसार वेगवेगळे घेतात. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात.

दिंडोरीचा बागायतदार

बघा, आणि आम्हाला एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी. इथे थंडीत वेल झोपत नाही, तिला आपणच झोपवायचं आणि आपणच उठवायचं. डावणी या बुरशीच्या रोगासाठी ते अजून बोर्डोच मारतात का?

बॅरल

बागायतदार, तुम्ही मारता ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण माझ्याच बोर्डोचं! मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून ते फासायचे. त्या वेलींना डावणी लागत नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. म्हणून म्हणतो, बोर्डो पाहा.

ल्योंकर

तांब्याचा वापर अजून आहे, विशेषतः सेंद्रियवाले तेच वापरतात. पण प्रमाणावर बंधन आहे.

मंदगती

माहिती छान आहे, पण मला रविवारपर्यंत तिकीट काढायचंय. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, सायकल शक्य नाही. त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. त्यांचं काय?

सरळमार्गी

म्हाताऱ्या बाईंना घेऊन दारूच्या गावांत फिरायचं हे मला रुचत नाही. त्यापेक्षा पैसे लेकीच्या फीसाठी ठेवा.

अनुताई_बेळगाव

सरळमार्गी, तुमचं मत तुमच्यापाशी. पण बोनमध्ये वाइनने काय उभं केलंय ते ऐका. १४४३ मध्ये निकोला रोलँ या माणसाने तिथे गोरगरिबांसाठी रुग्णालय बांधलं. लोकांनी रुग्णालयाला मळे दान दिले, त्या मळ्यांची वाइन विकून रुग्णसेवा चालली. १८५९ पासून दर नोव्हेंबरला लिलाव होतो, आजही होतो. जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते, आता संग्रहालय आहे. रंगीत कौलांचं छप्पर आणि रोखिर व्हान डेर वायडनचं 'अंतिम न्याय' हे चित्र बघायला मीही गेले होते आणि माझी आईही, जी वाइनला शिवत नाही. ओळीने मांडलेले लाकडी पलंग बघत ती किती वेळ उभी होती. सासूबाईंना हे नक्की आवडेल, आणि ते गावाच्या मधोमध आहे.

जेवणाचं: हॉटेल घेऊ नका, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. तळमजला किंवा लिफ्ट आहे ना ते लिहून विचारा, जुन्या घरांत गोल दगडी जिने असतात. शनिवारी बोनचा मोठा बाजार भरतो, भाजी उत्तम मिळते. मसूर, तांदूळ कुठल्याही दुकानात. भाजणी, मेतकूट, चहा, हिंग इथून न्या. चीजबद्दल सांगून ठेवते, कोंते, एप्वास यांत वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. सासूबाई ते पाळत असतील तर विचारूनच घ्या. तिथे रविवारी दुपारनंतर बहुतेक दुकानं बंद, आणि दुपारचं जेवण दोननंतर सहसा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

भटक्या जमात

दिजाँहून स्वित्झर्लंड जवळ आहे. युंगफ्राउ, इंटरलाकेन करून टाका, तीन दिवसांत होतं. माझ्याकडे आराखडा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मंदगती

नको. मनापासून धन्यवाद, पण नको. दोन आठवड्यांत एकच गाव बघितलं तरी मला चालेल. अनुताई, रेनेटचं कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार.

ल्योंकर, सगळे दिवस बोनलाच की आणखी एक ठिकाण? आणि छोटे वाइनवाले बंद असतील तर चाखायचं कुठे?

ल्योंकर

चाखायला बोनमध्ये व्यापाऱ्यांची तळघरं आहेत, ती ऑगस्टमध्येही उघडी असतात. बऱ्याच ठिकाणी पैसे भरून चाखायचं, त्यात संकोच नको. व्हूजोचा किल्लेवजा वाडा बघता येतो. त्याभोवतीचा, सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मळा पन्नास हेक्टरांचा, आज ऐंशीच्या आसपास मालकांत वाटलेला. छोट्या लोकांना आत्ताच ईमेल टाका, फ्रेंचमध्ये. लेक लिहील. उत्तर आलं तर जा, नाही आलं तर आग्रह धरू नका. दिजाँमध्ये २०२२ मध्ये उघडलेलं खाद्यसंस्कृती आणि वाइनचं केंद्र आहे, ट्रामने जाता येतं, सासूबाईंना सोपं.

दुसरं ठिकाण हवंच तर कोलमार. दिजाँहून मुलूझ टीजीव्हीने तासाभरात, पुढे लोकल वीसेक मिनिटं. अल्सासचा वाइनमार्ग १९५३ चा, १७० किलोमीटरचा, पण तुम्ही फक्त एगिसहाइम आणि रिकव्हीर करा. एगिसहाइम सपाट आहे, रिकव्हीरला हलका चढ आहे, बाक आहेत, गेव्युर्त्स्त्रामिनेर या वाइनचा गुलाबासारखा वास तुमच्या मिस्टरांना नक्की आवडेल. ऑगस्टमध्ये गर्दी मात्र फार. सकाळी लवकर जा.

बॅरल

कोलमार सुचवताय आणि बोर्डोला लांब म्हणताय?

ल्योंकर

कोलमारला स्टेशन बदलावं लागत नाही, शहर ओलांडावं लागत नाही. एवढाच फरक आहे आणि तो बॅगांसकट फार मोठा आहे.

नळस्टॉपचा मुसाफिर

व्हिसाचं कोणी बोललंच नाही! लेकीचा विद्यार्थी व्हिसा वेगळा, तुम्हा तिघांचा शेंगेन (युरोपचा पर्यटन व्हिसा) वेगळा. शुल्क माणशी ९० युरो, ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, सासूबाईंच्या वयामुळे विम्याचा हप्ता आधी विचारून घ्या. कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज, पण ऑगस्टच्या भेटीच्या वेळा आत्ताच भरत आल्या असतील. तिकीट काढायच्या आधी भेटीची वेळ मिळते का बघा.

काळा_घोडा

येताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. बाटल्या मोजे घालून बॅगेच्या मधोमध ठेवा.

मंदगती

मुसाफिर, व्हिसाची वेळ मिळाली, पुढच्या गुरुवारची. तिकिटं काढली. बोनला तळमजल्यावरचं घर मिळालंय, स्वयंपाकघरासकट, आणि शेवटचे तीन दिवस कोलमार. एजंटला नाही कळवलं.

आता एकच राहिलं. लेकीचं वर्षभराचं सामान आहे, मोठ्या चार बॅगा. टीजीव्हीत चालतात का?

ल्योंकर

माणशी दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली. चौघांत तुमचं बसतं. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी लावा, ती सक्तीची आहे. पाच मिनिटं आधी डब्याच्या दाराशी उभे राहा, जागा दाराजवळ असते आणि लवकर भरते. विमानतळावरून गार द ल्योंला लोकलने जाऊ नका, जिने आहेत. मोठी टॅक्सी करा.

दिंडोरीचा बागायतदार

ताई, जमलं तर एका वेलीचा खोडापासून शेंड्यापर्यंत फोटो काढून इथे टाका. कलमाचा सांधा दिसेल असा.