मदत हवी आहे: फ्लाइंग स्कॉट्समनची शंटिंगमधली टक्कर

नमस्कार मंडळी,

फ्लाइंग स्कॉट्समन हे वाफेचं इंजिन 1923 साली डॉनकॅस्टरला बनलं. 2023 मध्ये ब्रिटनभर त्याची शताब्दी साजरी होत होती, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला स्कॉटलंडच्या अ‍ॅव्हिमोर स्टेशनात ते उभ्या असलेल्या रॉयल स्कॉट्समन या आलिशान पर्यटक गाडीच्या डब्यांवर आदळलं. वेग कमीच होता, इंजिन गाडीला जोडायचं काम, म्हणजे शंटिंग, चालू होतं. तरी दोघांना रुग्णालयात न्यावं लागलं. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

माझा प्रश्न जुन्या शंटिंगवाल्यांना आहे. लांबलचक बॉयलरमुळे ड्रायव्हरला समोरचं नीट दिसत नाही, मग शेवटच्या काही फुटांत अंदाज कोण द्यायचं? लहानपणी मिरजेला मी बघायचो: पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा, शंटिंगला मदत करणारा कर्मचारी) हिरवा झेंडा हळूहळू हलवायचा, बफर (टोकांचे धक्के झेलणारे दांडे) टेकले की मध्ये वाकून स्क्रू कपलिंग (जोडणारी स्क्रूची साखळी) अडकवायचा. रात्री हातबत्तीने हेच कसं करायचे? इशारा दिसेनासा झाला तर इंजिन तिथेच थांबवायचं, असा नियम होता ना?

कुणाच्या घरी वडील, आजोबा वाफेच्या इंजिनांवर होते का? त्यांना विचारून कृपया सविस्तर लिहा. शताब्दीच्या फेऱ्यांचे स्वतः काढलेले फोटो असतील तर तेही हवे आहेत.