बँड हवा की एकटा एड? आमच्या सोसायटी ग्रुपवर रविवारी रंगलेली चर्चा

सी-११०२ : नमस्कार मंडळी. इंग्लिश गायक एड शीरनचा 'प्ले' हा अल्बम आज परत सलग ऐकला. माझं ठाम मत झालंय की त्याने आता गिटार आणि पायाखालचं मशीन घेऊन एकट्याने उभं राहणं थांबवावं. आठ-दहा वादकांचा बँड घ्यावा. अल्बममध्ये इतकी वाद्यं, इतका ठेका आणि स्टेजवर एक माणूस? गाणं अर्धंच पोहोचतं.

बी-७०३ : अजिबात पटलं नाही रे. ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात बिबवेवाडीच्या यश लॉन्सवर त्याच्या कार्यक्रमाला तू आमच्याबरोबरच होतास. त्याने गिटारच्या लाकडावर थाप मारली, ती फिरत राहिली. मग तारांवर ठेका, मग सूर, मग स्वतःचाच आवाज तीनदा. आपल्या डोळ्यांसमोर गाणं उभं राहिलं. पुढची हजारो माणसं त्या अर्ध्या मिनिटात गप्प होती, कारण पुढे काय येणार हे सगळ्यांना ऐकायचं होतं. बँड असता तर पहिल्या ठोक्याला सगळं एकदम आलं असतं आणि ती उत्सुकताच राहिली नसती.

ए-२०४ : मी पेटी वाजवतो, इंग्रजी गाण्यांतलं फारसं कळत नाही. पण एक शंका. 'फिरत राहिली' म्हणजे आधी रेकॉर्ड करून आणलेलं वाजवतो का तो? तसं असेल तर त्यात कौतुक कसलं?

बी-७०३ : नाही काका, आधीचं काही नसतं. लूप पेडल म्हणजे पायाने दाबायचं यंत्र. दाबलं की त्या क्षणापासून जे वाजेल ते साठवतं, परत दाबलं की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. त्यावर दुसरा थर, तिसरा थर चढवायचा. गाणं संपलं की सगळं पुसलं जातं, पुढच्या गाण्याला पहिल्यापासून सुरुवात. स्टेजवरून तो स्वतः हे लोकांना समजावून सांगतो. गॅरी डन नावाच्या आयरिश गायकाकडून तो शाळकरी वयात हे शिकला.

ए-२०४ : अस्सं. म्हणजे हे आवर्तनच झालं. आणि समेवर पाय पडला नाही तर?

बी-७०३ : तर ती चूक गाणं संपेपर्यंत दर आवर्तनाला परत येणार काका! म्हणून तर जीव मुठीत धरून ऐकावं लागतं. चुकलं तर थांबून पुन्हा सुरुवात करणं एवढाच मार्ग.

ए-२०४ : मग मी उभा राहून ऐकेन. लेहरा (तबल्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवायची सुरावट) धरणाऱ्याची लय तसूभर हलली तर तबलजीचं काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे. हा तर स्वतःच लेहरा धरतो, स्वतःच तबलजी आणि वर गातोही.

सी-११०२ : काका, कष्ट आहेत हे मान्यच. पण माझा मुद्दा ऐकणाऱ्याचा आहे. मैदानात मागे उभं राहिलं की त्याचे पाच थर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. शब्द कळत नाहीत. डी विंगच्या दादांनी सांगावं, ते लाइव्ह साउंडच करतात.

डी-४०१ : आलोच. जरा लांबेल, पण विषय माझा आहे.

उघड्या मैदानात दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला अंतराचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवर उभे असाल तर स्टेजचा आवाज जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा येतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर आणि मागे वेगळे स्पीकर टॉवर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. हे गणित थोडं चुकलं की मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. ते बँड असला तरी होतं, एकटा असला तरी होतं.

दुसरा प्रश्न खास लूपचा. गिटारच्या लाकडावरची थाप खालच्या पट्टीत घुमते. गिटार आणि गळा दोन्ही मधल्या पट्टीत. त्यात स्वतःचाच गळा तीन वेळा चढवला की सगळी गर्दी एकाच ठिकाणी होते. बँडमध्ये बास खाली, झांजा वर, प्रत्येकाची जागा ठरलेली असते. लूपवाल्याच्या साउंड इंजिनिअरला ती जागा करावी लागते. सगळे थर एकाच वायरीतून आले तर माझ्या हातात काही उरत नाही, थाप कमी करायला गेलो की गळाही कमी होतो. थर वेगवेगळ्या चॅनलवर आले तरच गाणं स्वच्छ होतं. म्हणजे सी विंगच्या आपल्या मित्राने ऐकलेला गढूळपणा खरा असू शकतो, पण त्यावर औषध बँडच आहे असं नाही.

बी-७०३ : दादा, आणि लोक गातात ते? हजारो माणसं मागून उशिरा गात असताना तो तालात राहतो कसा?

डी-४०१ : कानातल्या मॉनिटरवर, म्हणजे कानात घालायच्या छोट्या स्पीकरवर. मागच्या टोकाचे लोक ०.३ सेकंद उशिरा ऐकतात, ते गातात तो आवाज परत यायला आणखी ०.३ सेकंद. त्याच्यावर लक्ष दिलं तर लूप बंद करायला पाय हमखास उशिरा पडेल. म्हणून कान बंद करून स्वतःचं मिश्रण ऐकायचं. आणि तरी लोकांकडे बघून हसायचं. हे फार अवघड आहे, मी चांगल्या चांगल्यांना यात गडबडताना पाहिलंय.

ई-६०२ : लंडनहून लिहितोय, इथे आत्ता सकाळ आहे. २०२२ मध्ये इथल्या वेम्ब्ली स्टेडियमला त्याच्या मॅथमॅटिक्स टूरचा शो पाहिला होता. मंच मैदानाच्या मधोमध, गोल आणि फिरता. त्या दौऱ्यात त्याने पहिल्यांदाच बऱ्याच गाण्यांना बँड घेतला, वादक बाजूच्या छोट्या मंचांवर. बँडची गाणी दणदणीत झाली, ते मी नाकारणार नाही. पण घरी येताना ट्यूबमध्ये (इथली मेट्रो) जो तो लूपच्या गाण्यांबद्दलच बोलत होता.

बी-७०३ : याच वेम्ब्लीवर जुलै २०१५ मध्ये सलग तीन रात्री तो एकटा उभा राहिला होता. बँड नाही, नर्तक नाहीत. त्यानंतर तरी 'एका माणसाला मैदान पेलतं का' हा प्रश्न संपायला हवा होता.

सी-११०२ : ताई, २०१५ ची गाणी वेगळी होती ना! पहिला अल्बम २०११ चा, साधी गिटारची गाणी. आता तो 'आझीझम'मध्ये इराणी ठेका घेतो, 'सफायर'मध्ये अरिजितबरोबर पंजाबी गातो. करिअर तिकडे चाललंय आणि स्टेज मात्र तिथेच थांबलंय, हे मला खटकतं.

ए-९०५ : मला यात वेगळंच म्हणायचं आहे. तुम्ही दोघंही 'सबट्रॅक्ट'ला वगळून बोलताय. मे २०२३ चा अल्बम. बायको गरोदर असताना तिला ट्यूमर असल्याचं कळलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये जवळचा मित्र जमाल एडवर्ड्स गेला, त्या काळातली गाणी आहेत ती. 'द नॅशनल' बँडच्या ॲरन डेस्नरबरोबर केलेली. त्यात नाचण्यासारखं फार काही नाही. पण बाबा गेल्यानंतर मी तोच अल्बम ऐकत होते. माझ्यासाठी त्याचा सगळ्यात मोठा अल्बम तो आहे, आणि त्या वाटेने तो पुढे गेला नाही याचं मला वाईट वाटतं.

बी-७०३ : वहिनी, तुमचं म्हणणं पोहोचलं. त्या अल्बमसाठी त्याने अमेरिकेत काय केलं माहीत आहे? स्टेडियमच्या शोच्या आदल्या दिवशी त्याच शहरात छोट्या थिएटरमध्ये पूर्ण अल्बम गायचा. म्हणजे त्यालाही कळत होतं की ही गाणी मैदानाची नाहीत.

ए-९०५ : तसं एखादं थिएटर इथे मिळालं तर मी एक महिना आधी रांगेत उभी राहीन. बालगंधर्वसारख्या सभागृहात, माइक थोडासाच.

ए-२०४ : वहिनींना माझा पाठिंबा. बालगंधर्वला शेवटच्या रांगेतही गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.

बी-७०३ : आता मूळ मुद्द्यावर येते, कारण 'सबट्रॅक्ट'मुळेच मला तो नीट कळला. लूप हे नुसतं स्टेजवरचं कौशल्य नाही, त्याच्या चालीही त्यातूनच घडल्या आहेत. लूपमध्ये एकदा चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) टाकले की संपूर्ण गाणं त्याच चारांवर फिरतं. मधे सुरावट बदलायची सोय जवळजवळ नाही. त्यामुळे त्याने सगळी मेहनत दुसरीकडे घेतली. शब्दांची दाटी, ठेक्याच्या आडून गाणं, एकाच कॉर्डवर कडव्यात खाली आणि धृपदात वर जाणं. कडवं आणि धृपद यांचे कॉर्ड तेच असूनही आपल्याला धृपद आल्याचं लगेच कळतं, हे सोपं नाही.

न्यूयॉर्कच्या कोर्टात त्याच्यावर अमेरिकी गायक मार्विन गे यांच्या गाण्यावरून खटला चालला, तोही चार कॉर्डच्या क्रमावरूनच. साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन त्याने वाजवून दाखवलं की तोच क्रम कितीतरी गाण्यांत आहे. ज्युरीने ४ मे २०२३ ला त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि दुसऱ्याच दिवशी 'सबट्रॅक्ट' आला. ज्यात तो त्या चार कॉर्डच्या फेऱ्यातून सगळ्यात जास्त बाहेर पडलाय! डेस्नरने वाद्यांचे तुकडे पाठवायचे आणि याने त्यावर लिहायचं, अशी ती पद्धत होती. म्हणून ती गाणी लूपमध्ये बसत नाहीत. ती वेगळ्या जागेची आहेत.

सी-११०२ : हा विचार मी केला नव्हता. पण मग 'प्ले'चं काय? तो लूपचा आहे की बँडचा?

बी-७०३ : माझ्या मते लूपचा, आणि म्हणूनच मला तो आवडला. ठेका पुढे, कॉर्ड कमी, ओळी छोट्या. इराणी, भारतीय आणि आयरिश लोकसंगीतात त्याला साम्य दिसलं, असं तो मुलाखतींत सांगत आलाय. आयरिश तो लहानपणापासून ऐकतोय, 'डिव्हाइड' या आधीच्या अल्बममध्ये बिओगा या आयरिश मंडळींबरोबर त्याने दोन गाणी केली होती. म्हणजे हा कल अचानक आलेला नाही.

ई-६०२ : पण प्रामाणिकपणे सांगा, बाजार बघून केलंय असं नाही वाटत? भारतात एवढी गर्दी झाली, लगेच पुढच्या अल्बममध्ये पंजाबी ओळ.

बी-७०३ : ही शंका मलाही होती. पण क्रम बघा. २०१७ ला बीकेसीत गाऊन गेला. १६ मार्च २०२४ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर दिलजीतला बोलावलं आणि त्याच्याबरोबर पंजाबीत गायला, तेव्हा मी तिथे होते. उच्चार पाठ करून आल्याचं कळत होतं, आणि पाठ करून आला हेच मला भावलं. सप्टेंबर २०२४ ला लंडनला अरिजितच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला. २०२५ च्या दौऱ्यात पुणे, हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, शिलाँग आणि दिल्ली. चेन्नईत रहमान स्टेजवर आले, बेंगळुरूत शिल्पा राव यांच्याबरोबर तेलुगू गायला. आणि 'प्ले'चं शेवटचं काम गोव्यात, इथल्या वादकांबरोबर. नुसती चव म्हणून घ्यायचं असतं तर लंडनला बसून सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगचा तुकडा) लावता आलं असतं. इतकं फिरायची गरज नव्हती.

ए-९०५ : शिलाँगला गेला हे मला फार आवडलं होतं. तिथली गाणारी मुलं कायम मुंबई-दिल्लीकडे डोळे लावून बसतात.

ए-२०४ : त्या अरिजितच्या गाण्याची लिंक टाका बुवा. नातवाकडून ऐकतो.

सी-११०२ : टाकली काका. पण ताई, आता माझा खरा प्रश्न. 'सफायर' तो स्टेजवर एकटा म्हणेल तेव्हा त्यातला ढोलकीसारखा ठेका, अरिजितचा आवाज, ते सगळं कुठून आणणार? गिटारच्या लाकडावर थाप मारून ते होत नाही. आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक वाजवला तर ती फसवणूक. म्हणजे बँड आलाच की.

बी-७०३ : ट्रॅक नको, हे नक्की. त्याच्याकडून तरी नको. बाकी बरेच गायक लावतात, त्यांनी लोकांना वेगळं वचन दिलेलं नाही. याने दिलंय. जानेवारी २०२६ ला ऑकलंडहून सुरू केलेल्या दौऱ्याला त्याने नावच 'लूप टूर' दिलं आहे.

पण तुझा प्रश्न बरोबर आहे, लाकडावरच्या थापेत तबल्याची शाई (मधला काळा गोल) नाही, डग्ग्याची मींड (घसरत जाणारा सूर) नाही. मग वादक लूपच्या आत यावा. इथे आला की इथला एक तबलजी किंवा ढोलकीवाला स्टेजवर बोलवायचा. त्याने आपल्यासमोर एक आवर्तन वाजवायचं, एडने पाय दाबून ते धरायचं, आणि मग त्यावर गिटार चढवायची. अरिजितची ओळ मैदानातल्या लोकांनी म्हणायची, आपल्याला पाठ आहेच. वाद्य नवं, पण उभं राहणार डोळ्यांसमोरच.

सी-११०२ : हे झालं तर मी बँडचा हट्ट सोडतो. मैदानात ढोलकीचं एक आवर्तन फिरतंय आणि वर त्याची गिटार... मला आत्ताच ऐकू येतंय.

ए-२०४ : तबलजीला दुसऱ्याच्या पायाच्या भरवशावर सम सोडायला लावताय. कसलेला माणूस लागेल.

डी-४०१ : काकांचं बरोबर. आणि माझ्याकडून आणखी तीन गोष्टी. तबल्याचे माइक उघडे असतात, त्यांत स्टेजवरचा बाकी आवाज शिरला तर तोही लूपमध्ये कायमचा बसेल. म्हणून त्या आठ-दहा सेकंदांत स्टेजवरचे स्पीकर बंद आणि तबलजीच्याही कानात मॉनिटर हवा. दुसरं, डग्गा आणि तबला वेगळ्या चॅनलवर, नाहीतर मैदानात डग्गा सगळं खाऊन टाकेल. तिसरं, तबला त्या गाण्याच्या सुरात आधी लावलेला पाहिजे, कारण एकदा फिरायला लागला की सूर बदलता येत नाही. पट्टी वेगळी असलेलं दुसरं गाणं घ्यायचं असेल तर शेजारी दुसरा तबला लावून तयार ठेवावा लागेल.