मदत हवी आहे: जुन्या गाडीचा मागचा टायर मिळेना, गणपतीला कोकणात जायचंय

कराडचा_बंड्या:
मंडळी जरा तातडीने मदत हवीये. बाबांची जुनी गाडी आहे, लय वर्षं शेडमध्ये पडून होती, इंजिनचं काम करून घेतलं, आता एक नंबर चालतीये पण मागचा टायर पार गुळगुळीत झालाय तळहातासारखा. इथला टायरवाला म्हणतो ही साइज येत नाही, पल्सरचा १००/९०-१७ टाकून देतो, काय होत नाही. टाकू का? आणि कुठला ब्रँड चांगला? कुंभार्ली घाटातनं चिपळूणला जायचंय, दहा दिवस राहिलेत. लवकर सांगा.

बुलेटराव:
जास्त विचार करू नका. ३.२५-१९ घ्या, पुढे उभ्या रेघांचा, मागे ठोकळ्यांचा. माझ्या ८६ च्या स्टँडर्डला वर्षानुवर्षं तेच आहेत, लेहला जाऊन आलो. तिकडची गंमत सांगतो, झोजिलाला आमच्यातल्या एकाची क्लच केबल तुटली आणि

खटपट्या:
बुलेटराव, बुलेट आहे असं कोण म्हणालं? बंड्या, गाडी कुठली ते तरी सांग की. "बाबांची जुनी गाडी" या मॉडेलचा टायर माझ्या तरी ऐकण्यात नाही.

कराडचा_बंड्या:
अरे हो. जावा. पण टायरचं सांगा ना कुणीतरी.

मिस्टर_कूल:
जावाला पुढे ९०/९०-१८, मागे १२०/८०-१७. शोरूममध्ये मिळेल, एवढं काय त्यात.

खटपट्या:
ती २०१८ ची नवी जावा हो. बंड्या, किक आणि गियर एकाच दांडीवर आहे का? आरसीवर साल काय? टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते बघून जसंच्या तसं इथे टाक.

कराडचा_बंड्या:
हो किक आत दाबून पुढे घेतली की तीच गियरची होते. आरसीवर १९७०, आयडियल जावा, म्हैसूर. टायरवर ३.२५-१६ दिसतंय, पुढे पण तेच.

खटपट्या:
मग पल्सरचा विषय इथेच संपला. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचात. १७ चा टायर १६ च्या रिमवर धरतच नाही, हवा भरताना नाहीतर वळणावर कड सुटणार. एका इंचाने काय होतं म्हणणाऱ्या टायरवाल्याला आधी त्याच्या स्वतःच्या गाडीवर बसवायला सांग.

दणकट:
मी म्हणतो ट्यूबलेसच टाका आणि आत सीलंट ओता, पंक्चरची कटकटच नको. २१ व्या शतकात ट्यूब कोण वापरतं?

टू_स्ट्रोक_आजोबा:
दणकटराव, स्पोकचं चाक आहे ते. प्रत्येक निपलच्या, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या नटाच्या, भोकातून हवा जाणार. शिवाय जुन्या रिमला टायरची कड अडवून धरणारा उंचवटा नसतो. ट्यूबलेस टायर आत ट्यूब घालून चालवतात काही जण, पण मग त्यात ट्यूबलेस काय राहिलं?

दणकट:
आजोबा माझ्या मित्राने स्पोकची भोकं सिलिकॉनने बंद केलीत, मस्त चाललंय.

टू_स्ट्रोक_आजोबा:
किती दिवस?

दणकट:
होईल आता महिना.

सांगलीकर:
रुंद टायर टाक भावा, रुबाबदार दिसते. १६ मध्ये ११०/९० मिळतो.

खटपट्या:
पहिला आकडा रुंदीचा, ३.२५ इंच म्हणजे साधारण ८३ मिमी. ११० टाकला की दोन्ही बाजूंना तेरा-चौदा मिमी जास्त. आमच्या गल्लीत एकाने हाच रुबाब केला होता, चेनकेसच्या (चेनवरच्या झाकणाच्या) आतल्या बाजूला चमचमणारी रेघ उमटली आणि टायरच्या कडेचे ठोकळे उंदराने कुरतडल्यासारखे झाले. शिवाय रिम आहे तेवढीच अरुंद, त्यामुळे टायर वर फुगतो, गाडी वळायला जड. मिळाला तर ३.२५ च घे.

जुनं_सोनं:
विकायची आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कराडचा_बंड्या:
नाही हो. टायर मागितला तर गाडीच मागताय.

टू_स्ट्रोक_आजोबा:
बंड्या, पुढचा टायर कधीचा आहे रे?

कराडचा_बंड्या:
पुढचा एकदम ओके आहे आजोबा, खाचा नव्यासारख्या. फक्त मागचाच हवाय.

टू_स्ट्रोक_आजोबा:
खाचा नको सांगूस, कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात ते सांग. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. तीनच आकडे निघाले तर २००० च्या आधीचा. आणि टायर दोन्ही अंगठ्यांनी वाकवून खाचेच्या तळाशी बघ.

कराडचा_बंड्या:
१२०६. आणि हो, तळाशी बारीक चिरा आहेत, केसासारख्या. नखाने दाबलं तर नख उमटतच नाही, प्लॅस्टिकसारखं लागतंय.

टू_स्ट्रोक_आजोबा:
म्हणजे २००६ चा मार्च. शेडमधल्या गाडीचा टायर झिजून मरत नाही रे, वाळून मरतो. मागचा सरकला तर निदान सावरायला वेळ मिळतो, ओल्या घाटात पुढचा सरकला की काही कळायच्या आत आडवा. जोडीच घे. ट्यूब पण नव्या, जुनी ट्यूब ताणलेली असते, आत घडी पडते आणि तिथेच फाटते.

बुलेटराव:
+१. झोजिलाचं अर्धवट राहिलं, तर ती केबल

मिस्टर_कूल:
अवांतर: पाटणच्या पुढे मिसळ कुठे बरी मिळते?

कराडचा_बंड्या:
अपडेट. चुलतभाऊ पुण्यात नाना पेठेत गेला होता, तीन दुकानं फिरला, चौथ्यात ३.२५-१६ ची जोडी मिळाली. तारीख बघतो म्हणाला तर दुकानदार म्हणे टायर घेताय का बिस्किटं. पण बघितली, गेल्या वर्षीची आहे. रविवारी बसवतोय. चाक खोललं तर रिमपट्टीच नव्हती, निपल थेट ट्यूबला टोचत होते, ट्यूबवर गोल गोल ठसे. जुनी ट्यूब कापून पट्टी केली तर चालेल का?

खटपट्या:
चालेल. आधी बाहेर आलेली स्पोकची टोकं कानशीने घासून घे, पट्टीला व्हॉल्व्हचं भोक नेमकं पाड, नाहीतर सरकते. आणि टायरवर बाण असेल तर चाक फिरण्याच्या दिशेने.

टू_स्ट्रोक_आजोबा:
रविवारी बसवून सोमवारी घाटात नको. नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, आधी शंभरेक किमी कराडच्या आसपासच फिरव, हळू.

मिस्टर_कूल:
मिसळीचं राहिलंच.