आजीचं कृष्णधवल पोर्ट्रेट: खिडकीचा उजेड, चष्मा आणि कुंकू

प्रश्न: आजी ८४ वर्षांची आहे. घरातच, फ्लॅशशिवाय फोटो काढायचाय. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी एफ/१.८ लेन्स. सुरकुत्या दिसाव्यात, पण चेहरा ओबडधोबड नको. चष्म्यात खिडकी चमकते, त्याचं काय करू?

प्रतिसाद १: थेट ऊन न येणारी खिडकी निवडा, घरातले दिवे बंद. आजींना खिडकीपासून तीनेक फुटांवर, ४५ अंशांत बसवा. उजेड पूर्ण बाजूने आला की सुरकुत्यांचे चर होतात. सावलीकडून पांढरी चादर धरा, निवळतात. एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं, तर एक डोळा शार्प, दुसरा धूसर. छिद्र लहान करून एफ/४ ठेवा. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, मान हलतेच. आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० बिनधास्त. कृष्णधवलमध्ये नॉइज (दाणेदारपणा) खपून जातो.

प्रतिसाद २: चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचला. काचा खाली झुकतात, चमक जाते. पांढऱ्या केसांतला तपशील जळू नये म्हणून एक्स्पोजर −२/३ स्टॉप, म्हणजे फोटो किंचित गडद.

प्रतिसाद ३: रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा. एडिटिंगमध्ये कृष्णधवल करताना प्रत्येक रंगाचा उजळपणा ठरवणारे स्लायडर असतात; त्यातला नारिंगी थोडा वर, त्वचा उजळते. लाल मात्र वर नेलात तर कुंकू कपाळात विरघळलंच म्हणून समजा! क्लॅरिटी (तपशील ठळक करणारा स्लायडर) +१० पुरे. लोक +५० करतात आणि आजी दगडात कोरल्यासारखी दिसते.

प्रश्नकर्ता: आणि नऊवारीचा पांढरा पदर?

प्रतिसाद २: गडद शाल द्या. नाहीतर नजर आधी पदराकडेच जाते.